दोन किलवर

निपाणीच्या ब्रिजच्या सामन्यांचा फॉर्म आला आहे. पूर्वी तो पोस्टाने यायचा आणि पाकीट फोडलं की आधी शिंक यायची, कारण हे सामने तंबाखूच्या वखारीत भरतात आणि तिथल्या कागदालाही तंबाखूचा वास असतो. आता फॉर्म मोबाइलवर येतो, बिनवासाचा. तरी सवयीने मी नाकाला पदर लावला आणि मग स्वतःशीच हसले. पौष सरत आलाय. सकाळी आमच्या वडगावच्या गल्लीत धुकं उतरतं, समोरच्या घरातल्या मागांची खटखट सुरू होते, भाजीवाली ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन येते, आणि माझं मन निपाणीच्या बसमध्ये जाऊन बसतं.

फॉर्म कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. नाव, गाव, वय, पार्टनरचं नाव, सगळं भरून झालं. एकच रकाना तीन दिवस कोरा आहे: ‘आपल्या जोडीच्या खास बोली व त्यांचे अर्थ’. दरवर्षी मी तो दोन मिनिटांत भरते. यंदा पेन टेकवलं की गेल्या वर्षीचा हाच मोसम समोर येऊन बसतो. त्या मोसमात मला दोन पार्टनर होते, एक टॅबमधला आणि एक घरातला, आणि दोघांच्याही बोली ऐकून कपाळाला हात लावायची पाळी येत होती.

ब्रिज म्हटलं की आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, म्हणजे मेंढीकोट. जवळपास तसंच. चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे पार्टनर. फरक एवढाच की खेळायच्या आधी बोली लागते: हुकूम कोणता आणि हात किती जिंकून दाखवणार. तेरातले पहिले सहा हात न बोलता धरलेले असतात, म्हणजे दोन म्हटलं की आठ. बोली जिंकणारा दोघांचेही पत्ते खेळतो आणि त्याचा पार्टनर आपले टेबलावर उघडे मांडतो, पण तोवर पार्टनरचे पत्ते आपल्याला दिसत नाहीत. खाकरायचं नाही, भुवई उडवायची नाही, टेबलाखालून पाय मारायचा नाही. एक इस्पिक, दोन बदाम, तीन चौकट, पास. जे काही मनात आहे ते एवढ्यातच कळवायचं आणि समोरच्याने ते एवढ्यातच ओळखायचं. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं संसार केला, पण याच्यापेक्षा अवघड संभाषण मी केलेलं नाही.

मला हा खेळ आप्पांनी शिकवला. आप्पा म्हणजे माझे यजमान. मुलगी बोलायला लागल्यापासून घरात-दारात सगळे त्यांना आप्पाच म्हणतात, मीही. ते खानापूरकडच्या शेतकरी घरातले. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवायला, लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी इथल्याच विणकराची मुलगी. लग्न झालं तेव्हा त्यांच्या कपड्यांना जळक्या काकवीचा वास यायचा, कारण वाळूचे गाभे घट्ट बसावेत म्हणून तिथे काकवी घालत. माझ्या जावा नाकं मुरडायच्या. मला तो वास आवडायचा. अजूनही कुणाच्या घरी गुळाचा पाक करपला की मला वाटतं, संध्याकाळचे साडेपाच झाले, आता फाटक वाजेल.

फाउंड्रीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. दक्षिणेकडून आलेल्या एका साहेबांनी चार मोल्डरांना ब्रिजचा नाद लावला. उलट्या ठेवलेल्या मोल्डिंगच्या पेटीवर डाव पडायचा. डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि वीस मिनिटं पत्ते. सगळे बूट काढून बसायचे, सकाळपासून गरम वाळूजवळ पाय शिजलेले असायचे. आणि सुट्टी संपायच्या आधी मिनिटभर वाळूची गिरणी थांबायची. तिची घरघर थांबली की पाठोपाठ भोंगा होणार हे ठरलेलं. आता पंचाईत अशी, की वाटलेला डाव टाकून उठायचं नाही असा साहेबांचा नियम होता. मग त्या चौघांनी आपली पळवाट काढली. गिरणी थांबली की ज्याची बोलायची पाळी असेल त्याने ‘दोन किलवर’ म्हणायचं. हातात काहीही असो, बाकीचे तिघे पास म्हणणार, आणि तो डाव झपाझप खेळून मोकळं व्हायचं. आप्पा सांगायचे, तोंडाने दोन किलवर म्हणतानाच पाय खाली बूट चाचपायला लागायचे.

बाहेरच्या जगात मात्र दोन किलवरने सुरुवात करणं म्हणजे नेमकं उलट. माझ्या हातात एक्के-राजे मावत नाहीत, पार्टनर, थांबू नकोस, असा त्याचा अर्थ. हे त्यांना माहीत होतं, पण सवय ती सवय. ते चौघे पहिल्यांदा निपाणीला गेले तेव्हा शेवटच्या डावाला आप्पांचे जोडीदार मल्लाप्पा घड्याळाकडे बघून दोन किलवर म्हणाले. हातात मोठा म्हणावा असा एक गुलाम. विरुद्ध बाजूचे वकील घाबरून गप्प राहिले, आणि पत्ते उघडे झाल्यावर असे भडकले की वखारीच्या मालकांना मध्ये पडावं लागलं. फाउंड्रीचा कायदा फाउंड्रीत, असं तेव्हा ठरलं.

पुढे मल्लाप्पा गेले, चौकडी पांगली आणि आप्पांच्या समोरच्या खुर्चीत मी बसायला लागले. मला त्यांनी चारचौघांची रीतसर बोली शिकवली. भोंगा आमच्यात फक्त थट्टेपुरता उरला. घरी आलेले पाहुणे रात्रीचं जेवण झालं तरी हलायचं नाव घेत नसले की आप्पा माझ्याकडे न बघता हळूच म्हणायचे, दोन किलवर. मग मी पानसुपारीचं तबक आणायला उठायची. आमच्या वैशालीला वाटायचं की बडीशेपेलाच दोन किलवर म्हणतात.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका शनिवारी दुपारी आमच्याकडे डाव होता. शेजारचं बँकेतलं निवृत्त जोडपं समोर. आप्पा जोरात चार इस्पिक म्हणाले. मी खुश होऊन माझे पत्ते टेबलावर मांडले, आणि पहिल्याच दोन हातांत कळलं की त्यांच्याकडे इस्पिकचं एकच पान आहे. आम्ही असे काही आपटलो की शेजारीण पदराआड हसली. मला राहवलं नाही. मी बोलून गेले, आठवीतली पोरंसुद्धा याच्यापेक्षा बरं मोजतात. आप्पा चिडले नाहीत. ते हातातल्या पत्त्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आत्ता हुती की गं. सहा हुती.”

सगळे गेल्यावर कपबश्या विसळताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा इस्पिक खरंच होती. मागच्या डावात. आप्पा संपलेल्या डावाचे पत्ते बोलत होते. मी नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. त्या दिवशी शेजाऱ्यांदेखत मी जे बोलले त्याचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

डॉक्टरांनी या प्रकाराला एक लांबलचक नाव दिलं. ते मी इथे लिहीत नाही. ते उच्चारलं की लोक आप्पांकडे बघायचं सोडून त्या नावाकडेच बघायला लागतात. खेळू द्या, डॉक्टर म्हणाले, जेवढं खेळतील तेवढं चांगलं. पण शेजाऱ्यांनी शनिवारचं येणं आधी एकाआड एक केलं, मग नुसतीच चौकशी राहिली. मग वैशालीने पुण्याहून टॅब पाठवला. त्यात ब्रिज होतं. आपण एका बाजूला बसायचं, उरलेल्या तिन्ही खुर्च्यांत कॉम्प्युटर. “आई, निदान तुझा सराव तुटणार नाही,” ती फोनवर म्हणाली. सकाळचा स्वयंपाक उरकून मी उन्हात पायरीवर टॅब घेऊन बसले, आणि माझी त्या समोरच्या गृहस्थांशी गाठ पडली.

मी त्यांना पावणं म्हणते. आमच्याकडे सोयऱ्याधायऱ्यांना, त्यातही ज्यांना आपल्याला काही बोलता येत नाही अशांना, पावणं म्हणतात. हे तसेच. मी एक बदाम म्हणावं तर पावणं म्हणणार दोन चौकट. मी दोन बदाम, ते तीन चौकट. मी तीन बदाम, ते चार चौकट. नळावर दोघी हंडा पुढे सरकवत राहाव्यात तसा प्रकार. शेवटी मी थकून पास म्हणायचं आणि मग बघायचं तर चौकटचा एक्काही नाही, राजाही नाही. दुसऱ्या दिवशी मी चार इस्पिकवर स्वच्छ थांबले. चार म्हणजे चार, पोटभर जेवण झालं, आता उठू या, असा त्या बोलीचा अर्थ. पावणं सहावर गेले. दोन एक्के समोरच्यांच्या हातात, त्यांनी ते पहिल्या दोन हातांत वाजवून घेतले आणि आम्ही बसलो.

सगळ्यात संतापजनक प्रकार वेगळाच. त्या खेळात एखाद्या बोलीवर बोट ठेवलं की तिचा अर्थ लिहून येतो. ‘तेरा किंवा जास्त गुण, पाच पानांचा रंग.’ एक्क्याचे चार, राजाचे तीन असे हे गुण मोजतात. वाचून माणूस विश्वास ठेवतो. मग पत्ते उघडे होतात तर गुण नऊ आणि पानं चार. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. तेरा किंवा जास्त. शाळेत असा पेपर कुणी लिहिला असता तर पालकांना बोलावलं असतं. पावण्यांचे आईबाप कोण ते मला माहीत नाही, म्हणून मी टॅबलाच चार शब्द सुनावले.

आतून आप्पांनी विचारलं, “कोण आलंय गं?”

“पावणं.”

“च्या टाक की मग.”

चहा दोघांसाठी टाकला. आप्पा पायरीवर माझ्याजवळ बसून पावण्यांचे पराक्रम बघायला लागले. मी तणतणायची आणि त्यांना मजा वाटायची. एकदा पावण्यांनी काहीही नसताना समोरच्यांना डबल दिलं, म्हणजे तुम्ही हरणार अशी पैजच लावली, तेव्हा आप्पा म्हणाले, “त्येला कायतरी दिसलं असंल. बिनकारण कोण कशाला बोलंल?” मला हसू आलं. मग मी पुढचे आठ-दहा दिवस, हट्टालाच पेटून म्हणा, पावणं कधी बिघडतात त्याची वही केली. गणिताची बाई दुसरं काय करणार. निघालं असं, की हातात चौकटची सहा पानं आली की त्यांचा तोल सुटतो, आणि मी उडी मारून, म्हणजे एक पायरी सोडून, बोलले की ते मला आहे त्यापेक्षा दुप्पट श्रीमंत समजतात. एवढं कळल्यावर माझी हार निम्म्यावर आली. पावणं सुधारले नव्हते. मी त्यांना ओळखायला लागले होते.

आणि मग मला लाज वाटली. जे यंत्र माझं कुणी लागत नाही त्याची मी वही ठेवते, आणि ज्या माणसाने मला पत्ता धरायला शिकवलं त्याला आठवीतली पोरं दाखवते. त्याच वहीचं दुसरं टोक उलटून मी आप्पांच्या बोली लिहायला लागले. रोज सकाळी आम्ही दोघं चौघांचे पत्ते वाटून बोलीचा सराव करायचो. डाव झाला की मी सगळे पत्ते उचलून टेबल स्वच्छ पुसायला लागले, आणि त्यांना म्हणायची, आप्पा, हे नवीन. असं म्हटलं की मागचा डाव त्यांच्या हातातून सुटायचा. आंघोळीनंतरचा तास चांगला. वर्तमानपत्र वाचल्यावरचा वाईट, कारण मग बातम्याच बोलीत यायच्या. सगळे दिवस चांगले जात नव्हते हेही लिहायला हवं. काही सकाळी ते राणीच्या पत्त्याकडे बघत हे कोण म्हणून विचारायचे.

एकदा मध्येच वीज गेली. आमच्या गल्लीत वीज गेली की दहा घरांतले माग एका क्षणात थांबतात आणि अशी शांतता पडते की कानात दडे बसल्यासारखं होतं. आप्पांनी पत्ते गोळा केले, पाय टेबलाखाली इकडे तिकडे फिरवले आणि म्हणाले, “दोन किलवर.” मी आधी थट्टा समजले. मग त्यांचा पाय बघितला. तो बूट शोधत होता. चपला मी पुढे सरकवल्या तेव्हा त्यांनी त्या घातल्या आणि अंगणात जाऊन उभे राहिले, कुठे जायचं ते न कळून. वीज आली, माग सुरू झाले, तसे परत येऊन बसले. वहीत मी लिहिलं: आवाज थांबला की भोंगा.

संक्रांतीच्या आसपास निपाणीहून फोन आला. वखारीचे मालकच सामने भरवतात, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. माणूस सज्जन. पण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

“वैनी, वाईट वाटून घिऊ नका,” ते म्हणाले. “यंदा आप्पांस्नी आमी पाहुणं म्हणून बोलावतो. पुढं खुर्ची टाकतो, शाल घालतो. तुमास्नी कोल्हापूरचा चांगला पार्टनर देतो.”

मला कळलं की हे प्रेमानेच चाललंय. आपल्याकडे माणसाला बाजूला करायचं झालं की त्याच्या अंगावर शाल घालतात. मी म्हटलं, “अण्णा, शाली घरात चार हाईत. खुर्ची टाका, पर टेबलाला लावून टाका. नाव दोघांचं लिवा.”

वैशालीचाही फोन झाला. “आई, लोक हसतील. आणि आप्पांना ते कळलं तर?” मी तिला म्हटलं, हसणारी पोरं मी एकतीस वर्षं सांभाळलीत, अजून एक वखारभर सांभाळीन. लोकांच्या हसण्याची मला भीती नव्हती. आप्पांनी भर टेबलावर माझ्याकडे बघावं आणि हे कोण म्हणून विचारावं, याची होती.

आप्पांना मी काही लपवलं नाही. एका सकाळी त्यांनीच विचारलं, “माझं चुकालंय व्हय गं?”

“चुकालंय.”

“मग तू कशाला बसतीस म्होरं?”

“मला सवय हाय. पावण्यांसंगट खेळलेय मी.”

ते मोठ्याने हसले. इतक्या दिवसांनी तसं हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “मग जाऊया निपाणीला,” ते म्हणाले, “कोट काढून ठेव.”

पहाटेच्या धुक्यात बस हायवेला लागली. माझं शून्याचं तिकीट, आप्पांचं पैशांचं, आणि आप्पा कंडक्टरशी कानडीत हुज्जत घालत होते की बायको फुकट तर नवरा का नाही. कन्नड त्यांचं जराही बिघडलेलं नव्हतं. हत्तरगीचा चढ, संकेश्वरला चहा, बाजूला उसाचे ट्रॅक्टर. निपाणी जवळ आली की काच बंद असली तरी तो वास आत येतोच, कडवट, गरम, घशाच्या मागे बसणारा. आप्पांनी डोळे मिटून तो आत घेतला. “मल्लाप्पा आलाय का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, यंदा मीच आहे. ते म्हणाले, “बरं झालं. तू बरी खेळतीस.”

वखारीच्या एका दालनात टेबलं मांडलेली. भिंतीवर दरवर्षीची पाटी: शिंक ही खूण समजली जाणार नाही. शेजारच्या दालनात तंबाखू चाळायचं यंत्र दिवसभर घरघरत होतं आणि त्या घरघरीवर आप्पा छान स्थिरावले. सकाळचे डाव मी ज्याची धास्ती घेतली होती त्यापेक्षा बरे गेले. प्रत्येक डावाआधी मी टेबलावरून हात फिरवायची आणि म्हणायची, आप्पा, नवीन. दोनदा ते भलतंच बोलले, आणि दोन्ही वेळा मी पावण्यांची बोली समजून हिशेब लावला व जमेल तिथे थांबवलं. कुणी हसलं नाही. लोक वाईट नसतात, त्यांना फक्त आधीच वाईट वाटून घ्यायची घाई असते.

शेवटचा डाव साडेचारला लागला. समोर कोल्हापूरचे दोन तरुण, अदबशीर, मला काकू म्हणणारे. मी पत्ते उचलले. इस्पिकचे एक्का, राजा, राणी. बदामाचा एक्का. किलवरचा राजा. दिवसभरात असा हात आला नव्हता. बोलायची पहिली पाळी आप्पांची होती. ते पत्ते लावत असतानाच शेजारचं यंत्र थांबलं.

वखारीत एकदम शांतता पडली. कुठेतरी एक शिंक आली. आप्पांनी मान वर केली आणि म्हणाले, “दोन किलवर.”

आप्पांच्या डाव्या बाजूच्या तरुणाने आमच्या फॉर्मवर नजर टाकली आणि नियमाप्रमाणे मला विचारलं, “काकू, दोन किलवर म्हणजे खूप मोठा हात ना?” बोलीचा अर्थ बोलणाऱ्याने सांगायचा नसतो, त्याच्या पार्टनरने सांगायचा असतो. फॉर्मवर तेच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. ते खरं धरलं तर आप्पांचे एक्के आणि माझे एक्के मिळून आम्ही सहावर, कदाचित सातावर जाणार होतो. पावणं असते तर गेलेच असते. लिहिलंय म्हणजे आहे.

टेबलाखाली काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी खाली बघितलं नाही. मला माहीत होतं काय चाललंय. मी पायानेच आप्पांच्या चपला त्यांच्याकडे सरकवल्या. ब्रिजच्या नियमांत टेबलाखालून पाय हलवणं बसत नाही, हे मला ठाऊक आहे.

“फॉर्मवर चुकीचं आहे,” मी म्हटलं. “याचा अर्थ, भोंगा व्हायला आलाय.”

तरुणाने फॉर्म पुन्हा वाचला. त्याने अण्णांना बोलावलं. अण्णा आले, त्यांनी आप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूच बदलला. मल्लाप्पांच्या वेळी वकिलांची समजूत घालणारे तेच होते. “मल्लाप्पांचा भोंगा व्हय?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “मग बाई सांगत्यात तोच अर्थ,” ते त्या पोरांना म्हणाले. “खेळा.”

तरुण पास म्हणाला. माझी पाळी आली. हातातली ती पाच पानं मी एकदा डोळे भरून बघून घेतली आणि पास म्हटलं. चौथाही पास म्हणाला. पहिलं पान पडलं तसे नियमाप्रमाणे माझे सगळे पत्ते मी टेबलावर उघडे मांडले. कोल्हापूरचे दोघे त्या पत्त्यांकडे बघतच राहिले. “काकू,” एक जण हळूच म्हणाला, “एवढं असून पास?”

आप्पा खेळायला लागले होते. ताठ बसून, एकाही पानाला न अडखळता, सुट्टीच्या शेवटच्या मिनिटातलं ते जुनं झपाझप खेळणं. राणी, एक्का, आता छोटं. मी त्यांचा शब्द झेलून पान पुढे करत होते. बोलले होते आठ हात, जिंकले नऊ. मग ते उठले, चपला पायात होत्याच, कोट झटकला आणि त्या दोन पोरांना म्हणाले, “चला, भट्टी थांबत न्हाय.” दाराशी जाऊन ते वळले, मला शोधलं, आणि मी दिसल्यावर थांबून राहिले. त्यांनी माझ्याकडे बघून कोण म्हणून विचारलं नाही.

तेच पत्ते बाकीच्या टेबलांवरही फिरतात आणि तिथे कुणी एवढ्या खालच्या बोलीवर थांबलं नव्हतं, म्हणून त्या डावात सगळ्या टेबलांत सर्वांत कमी गुण आमचे होते. मी इतकी वर्षं खेळतेय, पण त्या पासइतकी नेमकी बोली मी आजवर केलेली नाही. हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही, पावण्यांना तर मुळीच नाही.

वर्ष गेलं. आता आप्पांचे चांगले तास कमी झालेत. शाल घालण्याबद्दलचा फोन यंदाही येईल. अण्णा बिचारे सज्जन आहेत. तो आला की काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलंय, पण फोनवर बोललेलं हवेत जातं. म्हणून आज सकाळी आंघोळीनंतरच्या तासात आप्पांना समोर बसवलं, फॉर्म पुढे ओढला आणि तो कोरा रकाना भरून टाकला.

‘दोन किलवर: भोंगा व्हायला आला आहे. हातात काहीही असो, पार्टनर पास म्हणेल.’

खाली दोघांच्या सह्या लागतात. आप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. समोर माग चालू होते.

“आणि खरंच माझ्याकडं एक्के-राजे आले तर गं?” त्यांनी विचारलं.

“तरी पास.”

“लुस्कान हुईल.”

“हुंदे.”

त्यांनी पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीशेजारी सावकाश आपली सही केली.